नव्या घराला ओसरी का नव्हती? आपत्तीनंतरच्या जगण्याकडे संशोधक म्हणून बघताना

२३ सप्टेंबर २०२३, शनिवार. नागपूरकरांना ही तारीख वेगळी समजावून सांगायला नको. मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि उजाडेपर्यंत नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा वस्त्यांत शिरलं. माझी मावशी नदीपासून दोन गल्ल्या सोडून राहते. घरात गणपती बसलेला होता. पाणी आत येताना दिसल्यावर तिनं आधी मूर्ती उचलून माळ्यावर ठेवली, मग सिलिंडर, मग कागदपत्रांची पेटी.

आठ महिन्यांनी मी तिच्याकडे गेले तेव्हा घर रंगवून झालं होतं. पण फ्रिज विटांच्या चौथऱ्यावर चढला होता, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून छताजवळच्या फळीवर गेली होती आणि घराची एक किल्ली समोरच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे कायमची ठेवलेली होती. मी विचारलं, "मावशी, घर झालं ना मग नीट?" ती म्हणाली, "घराला काय होते? रंग मारला का झालं. पण रात्री पाऊस सुरू झाला का झोप लागत नाही, त्याचं काय करून राहिले तुम्ही लोक?"

"तुम्ही लोक" म्हणजे आम्ही, आपत्ती आणि पुनर्वसनावर संशोधन करणारे. मावशीचा हा प्रश्न म्हणजे आमच्या विषयातला एक मोठा आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे. आजच्या लेखात तो उलगडून बघू. त्यासाठी नागपूरहून आधी मराठवाड्यात, मग जपानमध्ये जाऊ आणि शेवटी तुमच्या सिनॉप्सिसपाशी येऊ.

दोन प्रश्न, आणि त्यातला एकच मोजला जातो

मोठी आपत्ती येऊन गेली की दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, पुढच्या वेळी हे घर पडणार किंवा बुडणार नाही ना? दुसरा, आता इथे रोजचं जगायचं कसं? पहिल्याचं उत्तर आकड्यांत देता येतं. भिंतीची जाडी, स्लॅबमधलं लोखंड, पूररेषेपासूनचं अंतर, सगळं मोजता येतं. दुसरा प्रश्न मात्र धूसर वाटतो. म्हणून योजनांत तो "नंतर बघू" या रकान्यात जातो आणि संशोधनात बहुतेक वेळा शेवटच्या प्रकरणात दोन परिच्छेदांपुरता उरतो.

मी या लेखात एकच मुद्दा मांडणार आहे. हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. दुसरा प्रश्न बाजूला टाकला, तर काही वर्षांनी पहिल्याचं उत्तरही चुकायला लागतं. याचं आपल्या राज्यातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३

अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांचे आकडे स्रोताप्रमाणे बदलतात, पण आठ ते दहा हजार माणसं गेली असं साधारण मानलं जातं. किल्लारी, मंगरूळ, सास्तूर अशी गावं काही सेकंदांत जमीनदोस्त झाली.

जगाच्या हिशेबात ६.२ हा काही राक्षसी भूकंप नाही. मग एवढी माणसं का गेली? एक तर वेळ पहाटेची, सगळे घरात होते. पण मोठं कारण घरांच्या बांधणीत होतं. या भागात काळा दगड मुबलक. भिंती दोन-अडीच फूट किंवा त्याहून जाड. बाहेरून आणि आतून दगडाचे दोन थर, मध्ये तुकडे आणि माती. दोन्ही थरांना एकत्र बांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड फारसे नसत. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्यात गळू नये म्हणून त्यावर दर थोड्या वर्षांनी आणखी माती. अशा प्रकारे पिढ्यान् पिढ्या छत जड होत गेलं. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, दगड ढासळले आणि माती झोपलेल्यांवर आली. अनेक ठिकाणी भिंती कोसळल्या तरी छत पेलणारे लाकडी खांब मात्र उभे राहिले. हा बारकावा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शिवाय हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित मानकात पहिला विभागच रद्द झाला आणि लातूरचा भाग तिसऱ्या विभागात गेला. म्हणजे १९९३ पर्यंत तिथे भूकंपाचा विचार करून घर बांधायचं काही कारण कोणाला दिसतच नव्हतं.

घर मिळालं, मग काय झालं?

भूकंपानंतर राज्य सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. बँकेचं कर्ज २४.६ कोटी डॉलरचं होतं. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवायची ठरली. कमी हानी झालेल्या गावांत लोकांनी अनुदान घेऊन आपलीच घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. अशी घरं सुमारे दोन लाख होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो तो संशोधक प्रामाणिक. नव्या जागी जायची मागणी खुद्द लोकांचीही होती. ज्या ढिगाऱ्याखालून आपली माणसं काढली तिथेच पुन्हा चूल मांडायची कोणाची तयारी होती? दगडाचीच भीती बसली होती. त्यामुळे "सरकारने जबरदस्तीने हलवलं" ही सोपी कथा इथे चालत नाही.

घरांचं क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून जास्त जमीन असलेल्यांना ७५०. नवी गावं आखीव झाली. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, ओळीत घरं, प्रत्येकाला स्वतंत्र प्लॉट. जुनं गावठाण जेवढ्या जागेत मावत होतं, त्याच्या कितीतरी पट जागा नव्या गावाला लागली.

अभियांत्रिकीच्या निकषावर या घरांनी जुन्या दगडी घरांपेक्षा नक्कीच चांगली उडी मारली. पण पुढच्या काही वर्षांत अभ्यासक तिथे परत जायला लागले तेव्हा त्यांना वेगळंच चित्र दिसलं. लोकांनी सिमेंटच्या घराला लागून पत्र्याच्या शेड काढल्या होत्या. कोणी दगडमातीची खोली जोडली होती. काहींच्या संडासात सरपण आणि सामान भरलेलं होतं. उन्हाळ्यात स्लॅबखाली बसवत नाही म्हणून दिवस बाहेरच्या आडोशाला जात होता.

या विषयावर पीएचडी करणाऱ्याने रोहित जिज्ञासू यांचा प्रबंध जरूर वाचावा. नॉर्वेतल्या एनटीएनयू विद्यापीठात २००२ मध्ये पूर्ण झालेल्या या प्रबंधात मराठवाडा आणि नेपाळमधल्या ग्रामीण वस्त्या आहेत. स्थानिक ज्ञान आणि क्षमता यांतून धोका कसा कमी करता येईल, हा त्याचा गाभा. पुनर्वसन झालं म्हणजे धोका संपला असं धरून चालू नका, धोका नव्या रूपात परत तयार होतो का ते बघा, ही नजर मला त्या वाचनातून मिळाली.

आता वरच्या वाढीव खोल्यांकडे या नजरेने बघा. सुरक्षित घर अपुरं पडलं म्हणून माणसाने त्याला दगडमातीची खोली जोडली. ती बांधताना इंजिनिअर नव्हता, अनुदान नव्हतं, आरपार जाणारा दगडही नव्हता. मग पुढच्या भूकंपात त्या कुटुंबाचा जीव कशावर अवलंबून राहील? सरकारने बांधलेल्या ४०० चौरस फुटांवर, की ती माणसं प्रत्यक्षात जिथे झोपतात त्या खोलीवर?

ओसरी म्हणजे नेमकं काय

मराठवाड्यातल्या जुन्या घराचा विचार करा. रस्त्याकडून आत आलं की ओसरी. तिथे पाहुणा टेकतो, म्हातारी माणसं दिवसभर बसतात, धान्य निवडलं जातं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणं होतं. आत जनावरांची, अवजारांची, धान्याची जागा. भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून, त्यामुळे हाक मारली की शेजारी ओ देतो.

आता हेच घर तक्त्यात भरा. खोल्या किती? क्षेत्रफळ किती? छत पक्कं की कच्चं? या तक्त्यात ओसरी कुठेच येत नाही. ती ना खोली, ना रस्ता. तक्त्यात नाही म्हणून नकाशात नाही, आणि नकाशात नाही म्हणून बजेटात नाही. नवीन गावात रुंद रस्त्यांमुळे घरं लांब लांब गेली. जिथे घरांची रचना क्षेत्रफळाच्या गटांनुसार झाली तिथे जमीन कमी-जास्त असलेले भाऊबंदही वेगवेगळ्या ओळींत विभागले गेले. यातलं काही कोणी वाईट हेतूने केलं नव्हतं. मोजण्याची पट्टी जी होती, तिने जे दिसलं तेच बांधलं गेलं.

जपानने हाच धडा किती किंमत मोजून शिकला

"जपान म्हणजे तयारीचा आदर्श" असं आपण सहज म्हणतो. इमारतींच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. पण जगण्याच्या प्रश्नात जपानही अडखळला.

१७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात ६,४०० हून अधिक माणसं गेली. बेघरांसाठी सुमारे ४८ हजार तात्पुरती घरं उभारली गेली. वाटप करताना वृद्ध आणि अपंगांना प्राधान्य देऊन सोडती काढल्या. ऐकायला किती न्याय्य वाटतं! पण सोडतीमुळे एका गल्लीतली माणसं शहराच्या वेगवेगळ्या टोकांना विखुरली आणि एकेका वसाहतीत एकमेकांना न ओळखणारे म्हातारे शेजारी आले. त्यानंतर तात्पुरत्या घरांत माणसं एकटीच मरण पावल्याच्या आणि ते उशिरा कळल्याच्या घटना घडू लागल्या. अशा मृत्यूला जपानीत "कोदोकुशी" म्हणतात, म्हणजे एकाकी मृत्यू. त्या वसाहतींत असे दोनशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. भूकंपात वाचलेली माणसं सुरक्षित छताखाली गेली.

२३ ऑक्टोबर २००४ ला निगाता भागात भूकंप झाला. तेव्हा यामाकोशी या डोंगरी गावातल्या लोकांना तात्पुरत्या घरांत हलवताना पाडे शक्यतो एकत्र ठेवले गेले. जुने शेजारी तेच नवे शेजारी राहिले. घरं साधीच होती, फक्त वाटपाची पद्धत बदलली होती.

मग ११ मार्च २०११. भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची अणुदुर्घटना. अठरा हजारांहून अधिक माणसं मृत किंवा बेपत्ता झाली. यावेळी वाद जास्त खोल गेला. किनाऱ्यावर उंच काँक्रीटच्या भिंती बांधायच्या, की वस्तीच उंचावर न्यायची? समुद्रावर पोट असलेल्या माणसाला समुद्रच दिसला नाही तर तो सुरक्षित असेल, पण मच्छीमार राहील का? रिकुझेनताकाता शहरात डोंगर फोडून आणलेल्या मातीने जमीनच उंच केली गेली. त्या कामाला इतकी वर्षं लागली की तोवर अनेक कुटुंबं दुसरीकडे स्थिरावली आणि उंच केलेल्या जमिनीवर बरेच प्लॉट रिकामे राहिले.

याच काळात वास्तुविशारद तोयो इतो यांनी "सर्वांचं घर" ही कल्पना मांडली. तात्पुरत्या वसाहतीत एक छोटं लाकडी घर, जे कोणा एकाचं नाही, सगळ्यांनी बसायचं. असं पहिलं घर २०११ मध्येच सेंदाईच्या मियागिनो भागात उभं राहिलं. त्याला "एंगावा" होता. एंगावा म्हणजे जपानी घराच्या कडेने जाणारा लाकडी व्हरांडा. तिथे ना आत ना बाहेर, नुसतं टेकायचं आणि गप्पा मारायच्या. ओळखीचं वाटतंय ना? मराठीत त्याला आपण ओसरी म्हणतो.

आणखी एक अभ्यास सांगते. डॅनियल ऑल्ड्रिच या राज्यशास्त्रज्ञाने १९२३ चं टोकियो, १९९५ चं कोबे, २००४ नंतरचं तामिळनाडू आणि २००५ चं न्यू ऑर्लिन्स यांची तुलना केली. त्याचं म्हणणं असं की सावरण्याचा वेग नुसता नुकसानीवर किंवा मदतीच्या रकमेवर ठरत नाही. लोकांचे आपसातले संबंध त्यात फार मोठं काम करतात. कोबेच्या नागाता भागातल्या मानो वस्तीत लोकांनी साखळी करून बादल्यांनी आग विझवली. तिथे १९६० च्या दशकापासून प्रदूषणाविरुद्ध एकत्र लढायची सवय होती. त्याच भागातल्या मिकुरा वस्तीत लोक हताश बघत राहिले. म्हणजे शेजार ही भावनिक सजावट नव्हे, ती आपत्तीतली यंत्रणा आहे. मावशीची काकूंकडे ठेवलेली किल्ली आठवा.

मग जुनंच बरं होतं का?

नाही. हा मोह टाळा. मराठवाड्यातल्या त्या सुंदर, थंड, दगडी घरांनीच माणसं मारली. शिवाय जुन्या गावठाणाच्या रचनेत कोण वेशीच्या आत आणि कोण बाहेर, हे जातीने ठरवलेलं होतं. ओसरीवर बसायचा हक्क सगळ्यांना सारखा नव्हता. "पारंपरिक ते चांगलं" असं लिहाल तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येईल, आणि तो यायलाच हवा.

खरा धडा मधल्या वाटेवर आहे. उभे राहिलेले लाकडी खांब आठवतात? त्यांनी सांगितलं की जुन्या बांधणीत सगळंच टाकाऊ नव्हतं. भिंतीत आरपार दगड घालणं, कोपऱ्यांना जाळी लावून सिमेंटचा पट्टा देणं, माळवदावरची माती कमी करणं, अशा उपायांनी जुनं घर मजबूत करता येतं. दुरुस्तीच्या कार्यक्रमात हे तंत्र गावोगाव नेण्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचा आणि महिला मंडळांतल्या बायकांचा मोठा वाटा होता. "संवाद सहायक" म्हणून गावातल्याच बायका घरोघरी माहिती द्यायच्या, कामावर लक्ष ठेवायच्या. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर यातल्या बायका गुजरातमध्ये जाऊन तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. आणि गुजरातने मोठ्या प्रमाणावर घरमालकाच्याच हाती पैसे आणि तांत्रिक मदत देऊन मूळ जागी घरं बांधायचा मार्ग धरला.

तरी इथेही गुंतागुंत आहेच. मराठवाड्यात दुरुस्तीचं अनुदान मिळालेल्या अनेकांनी जुनं घर मजबूत करण्याऐवजी त्या पैशांत शेजारी एक नवी पक्की खोली बांधणं पसंत केलं. तंत्र चांगलं होतं, पण दगडावरचा विश्वास उडाला होता. विश्वास ही गोष्टही तक्त्यात येत नाही.

तुम्हाला यावर संशोधन करायचं असेल तर

पेट देऊन, कोर्सवर्क संपवून सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांसाठी माझ्या चुकांतून चार गोष्टी.

१. "समाधानी आहात का?" असं विचारू नका. माझ्या पहिल्या प्रश्नावलीचा कणाच तो होता, एक ते पाच गुणांची पट्टी. गाइडनी समासात दोनच शब्द लिहिले, "समाधान कशाचं?" मला ते तेव्हा कळलं नाही. पूरग्रस्तांच्या एका वस्तीत चाचणी घेतली तर जवळपास सगळे "चांगलं आहे" म्हणाले. एक आजी म्हणाल्या, "देलं त्याले वाईट कसं म्हनाव बाई?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आता मी विचारते, "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं, कुठे बसून केलं?" कोण कुठे झोपतं, दुपारी कुठे बसतं, पाहुणा आला की कुठे टेकतो, हे उत्तरांतून आपोआप येतं.

२. एकक नीट ठरवा. घर मोजणार, कुटुंब की गल्ली? घर धरलं तर शेजार सुटतो. गल्ली धरली तर घरातल्या बाईचा आणि पुरुषाचा वेगळा अनुभव सुटतो. एकच बरोबर उत्तर नाही, पण जे निवडलं ते का निवडलं हे लिहिता आलं पाहिजे.

३. तुलनेतला फसवा भाग ओळखा. "स्थलांतरित गावं विरुद्ध मूळ जागेवर दुरुस्त झालेली गावं" ही तुलना आकर्षक वाटते. पण स्थलांतर झालं ते सर्वाधिक हानी झालेल्या गावांचं. म्हणजे आज दिसणारा फरक स्थलांतराचा, की तिथे जास्त माणसं गेली त्याचा? तसंच, नवं गाव ज्यांना अजिबात मानवलं नाही ती कुटुंबं कदाचित पुण्या-मुंबईला निघून गेली. ती तुमच्या नमुन्यात नसतीलच. उरलेल्यांचं म्हणणं म्हणजे सगळ्यांचं म्हणणं नव्हे.

४. लोकांच्या दुःखाचा डेटा करताना थांबा. तीस वर्षांनीही त्या पहाटेबद्दल सांगताना माणसं गप्प होतात. तुमचा प्रश्न घराच्या वापराबद्दल असेल तर मृत्यूंची कहाणी खोदून काढायचं कारण नाही. ते आपणहून सांगतील तेव्हा पेन खाली ठेवून ऐका. आणि भिंतींकडे बघा. जोडलेली शेड, बुजवलेलं दार, बदललेली चूल, या खुणा मुलाखतीइतकंच बोलतात आणि त्यासाठी कोणाला रडवावं लागत नाही.

विषय शोधत लांब जायचीही गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात नरखेड तालुक्यातलं मोवाड आहे. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने तिथली दोनशेहून अधिक माणसं नेली आणि त्यानंतर गावाचं पुनर्वसन झालं. एक अख्खी पिढी नव्या मोवाडात मोठी झाली आहे. त्यांच्यासाठी "नवं गाव" हेच गाव आहे. ती मुलं त्या घरांत काय काय बदल करून राहतात, हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

मावशीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. भिंत किती उंच हवी, नाला किती रुंद हवा, हे सांगणारे लोक आहेत आणि त्यांचं काम गरजेचं आहे. पण पावसाच्या रात्री ती नेमकं काय करते, हे आम्ही कोणी लिहून घेतलं नव्हतं. या पावसाळ्यात मी तिच्याकडे वही घेऊन जाणार आहे. पहिला प्रश्न ठरवलाय: "मावशी, परवा रात्री पाऊस आला तेव्हा तू उठून काय काय केलंस?"